मुंबईला कामानिमित्त जाताय? उरलेल्या वेळेत काय बघता येईल? वार, गर्दी आणि भरतीचं गणित समजून घ्या

तासगाव : आपल्याकडून मुंबईला 'फिरायला' म्हणून फार कमी लोक जातात. मंत्रालयात फाइल अडकलेली असते, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये घरचं कुणी ॲडमिट असतं, पोराची परीक्षा असते किंवा वाशी मार्केटला द्राक्षाच्या पट्टीचा हिशेब राहिलेला असतो. काम झालं की माणूस रात्रीची गाडी पकडतो. घरी आल्यावर मुंबई कशी होती विचारलं की उत्तर ठरलेलं, 'गर्दी लई.'

माझे वडील असेच पाच वेळा मुंबईला जाऊन आले. पाचही वेळा काम मंत्रालयात. समुद्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. मंत्रालयापासून मरीन ड्राइव्हचा कठडा चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हा लेख अशा प्रवाशांसाठी आहे. हाताशी चार तास असोत, एक दिवस असो किंवा दोन, त्यात काय बसतं आणि काय बसत नाही, याचा हा हिशेब. मुंबईतल्या 'टॉप टेन' ठिकाणांची यादी मोबाइलवर हवी तितकी मिळते. पण तिथे आज सुटी आहे का, त्या बाजूची लोकल या वेळी चढण्यासारखी असते का आणि समुद्राला भरती आहे का, हे यादी सांगत नाही. मुंबईचा दिवस फुकट जातो तो बहुतेक वेळा या तीन गोष्टींमुळे.

कोणत्या वारी काय बंद असतं?

आधी वार बघा, मग ठिकाण ठरवा.

सोमवार : घारापुरीची लेणी (एलिफंटा), बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरी लेणी आणि वरळीचं नेहरू तारांगण बंद. सोमवारी मंत्रालयाचं काम आहे म्हणून रविवारी रात्री निघालात, तर ही ठिकाणं त्या दिवशीच्या यादीतून काढून टाका.

मंगळवार : बंद काही नाही, पण सिद्धिविनायकाला सगळ्यात मोठी रांग याच दिवशी. अंगारकी असेल तर विचारूच नका. वेळ कमी असेल तर दर्शनासाठी दुसरा वार धरा.

बुधवार : भायखळ्याची राणीबाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर बाग उघडी राहते आणि गुरुवारी बंद असते.

रविवार : ठिकाणं उघडी, पण लोकलचा मेगाब्लॉक. रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारी साधारण सकाळी अकराच्या पुढे चार-पाच तास काही मार्गांवर गाड्या कमी धावतात, काही रद्द होतात. ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. शनिवारी रात्री बातम्यांत तेवढं बघून ठेवा.

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला साप्ताहिक सुटी नाही. त्यामुळे वाराचा घोळ झाला तर हा पर्याय हाताशी असतो.

गर्दीला दिशा असते, ती कशी ओळखायची?

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, वेळेत मोजायचं. तासगाव ते सांगली हे अंतर आपण डोळे झाकून सांगतो. मुंबईत तेवढ्याच अंतराला पाऊण तास लागेल की दोन तास, हे घड्याळ आणि दिशा ठरवतात.

लोकलचे मुख्य मार्ग तीन. पश्चिम मार्ग चर्चगेटहून बोरिवली-विरारकडे जातो, मध्य मार्ग सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडे आणि हार्बर मार्ग सीएसएमटीहून वाशी-पनवेलकडे. कार्यालयं दक्षिणेला जास्त, घरं उत्तरेला जास्त. म्हणून सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे परतते.

याचा फायदा घेता येतो. दादर, परळ किंवा सीएसएमटीजवळ मुक्काम असेल, तर सकाळी बोरिवलीकडे जाताना बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली असते, कारण तुम्ही गर्दीच्या उलट निघालेले असता. संध्याकाळी परत येतानाही तेच. याउलट डोंबिवली, विरार किंवा ठाण्यात पाहुण्यांकडे उतरला असाल, तर सकाळी अकराच्या आधी निघू नका. परतीला एक तर पाचच्या आत गाडी धरा, नाही तर सरळ जेवण करून नऊनंतर. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर हा नियम मोडू नका.

लोकलमध्ये आपल्याकडच्या माणसाकडून एक चूक हमखास होते. डबा रिकामा दिसतो म्हणून तो चढतो आणि तो डबा प्रथम श्रेणीचा निघतो. दुसऱ्या श्रेणीचं तिकीट तिथे चालत नाही, दंड होतो. डब्यावर काय लिहिलंय ते बघूनच चढा. एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं.

भुयारी मेट्रोनं काय बदललं?

बाहेरून येणाऱ्यासाठी गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा बदल म्हणजे मेट्रो ३. आरे ते कफ परेड अशी ही साडेतेहतीस किलोमीटरची, २७ स्थानकांची मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लांबीवर धावते आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, काळबादेवी, गिरगाव, महालक्ष्मी, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर ही सगळी ठिकाणं एकाच मार्गावर आली आहेत. तिकीट १० ते ७० रुपये आणि गाडी पूर्ण वातानुकूलित.

विटा, खानापूर, तासगाव भागातल्या अनेकांचे पाहुणे झवेरी बाजारात गलाईच्या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे उतरणाऱ्यांना काळबादेवीचं स्थानक जवळ पडतं. तिथून सिद्धिविनायकाला आता टॅक्सीचा मीटर बघत बसावं लागत नाही.

टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, रिक्षाचं २६. पण लक्षात ठेवा, पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन ओलांडून दक्षिणेकडे रिक्षा जात नाही. दादर, परळ, फोर्ट भागात फक्त टॅक्सी. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसी बसचं १२. आपल्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, पण ही सवलत बेस्टच्या बसला लागू नाही. आजीला घेऊन बसमध्ये चढल्यावर कंडक्टरशी वाद नको.

भरती कधी येणार, हे घरच्या कॅलेंडरवरून कसं काढायचं?

समुद्र बघायला गेलात आणि पुळणच दिसली नाही, किंवा हाजीअलीला गेलात आणि रस्ता पाण्याखाली, असं होऊ शकतं. हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला बुडते. पाणी उतरेपर्यंत किनाऱ्यावर थांबण्याशिवाय मार्ग नसतो.

कोकण किनाऱ्यावर यासाठी एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ.

उदाहरणार्थ, आज चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर १५ धरा. पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास पाणी भरलेलं. तिथी शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच.

हे गणित जुळतं कसं? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. १५ तिथींत ती घड्याळाचे १२ तास फिरून मूळ जागी येते. १२ भागिले १५ म्हणजे एका तिथीला ०.८ तास. तोंडी हिशेबासाठी जुन्या लोकांनी ते पाऊण करून टाकलं. त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणार, हे धरून चाला.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस मुंबई महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी वरून मोठा पाऊस आला तर शहरातलं पाणी समुद्रात जात नाही आणि सखल भाग तुंबतो. जून ते सप्टेंबरमध्ये दवाखान्याची तारीख किंवा परीक्षा असेल, तर हे दिवस बघूनच निघा.

हातात अर्धा दिवस आहे. काय होईल?

समजा, काम मंत्रालयात आहे. सामान्य अभ्यागतांना तिथे दुपारी दोननंतर प्रवेश मिळतो. सांगली किंवा किर्लोस्करवाडीहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली तर ती सकाळी सीएसएमटीला पोहोचते. म्हणजे मधली सकाळ मोकळी. बहुतेक जण ती मंत्रालयाबाहेरच्या टपरीवर चहा पीत घालवतात.

त्याऐवजी असं करा. बॅगांना कुलूप लावून स्थानकातल्या क्लोक रूममध्ये ठेवा, रेल्वेचं तिकीट जवळ असू द्या. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडून मागे वळा आणि ज्या इमारतीतून आलात ती बघा. १८७८ ला काम सुरू होऊन दहा वर्षांत पूर्ण झालेलं हे स्थानक २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला याच भागातल्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती.

इथून चालत हुतात्मा चौक गाठा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचं स्मारक इथे आहे. मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार त्यात दिसतात. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे या लढ्यात शाहीर म्हणून उभे होते. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं या चौकात दोन मिनिटं थांबायलाच हवं.

पुढे काळा घोडा. तिथला मूळ पुतळा, घोड्यावर बसलेला राजा सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये तिथून हलवला गेला. आता दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ मध्ये बसवलेला आहे. शेजारीच वस्तुसंग्रहालय. ते सकाळी सव्वादहाला उघडतं. सिंधू संस्कृतीतल्या वस्तू, लघुचित्रं, शस्त्रास्त्रं, अकबराचं चिलखत असं बरंच काही आत आहे. नीट बघायचं तर दोन तास हवेत. एकच तास असेल तर तळमजल्यावरची शिल्पं बघून निघा.

तिथून गेटवे ऑफ इंडिया दहा मिनिटांवर. गेटवे १९२४ मध्ये खुला झाला. समोरचं ताजमहाल हॉटेल १९०३ चं, म्हणजे गेटवेपेक्षा २१ वर्षांनी जुनं. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढली. गेटवेकडे तोंड करून उभा असलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा आहे.

हे सगळं चालणं अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. एक वाजता जेवून दोनला तुम्ही मंत्रालयाच्या रांगेत असाल. काम संपल्यावर परतीच्या गाडीआधी मरीन ड्राइव्ह आहेच.

पूर्ण दिवस मोकळा आहे. घारापुरीला जावं का?

सोमवार नसेल आणि पावसाळा नसेल, तर जरूर जावं. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुटायला लागतात. एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचा. धक्क्यावर उतरल्यावर थोडं चालणं किंवा छोटी रेल्वे आणि मग सुमारे १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, पण दर आधी ठरवून घ्या. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. बोटीचं तिकीट वेगळं.

मुख्य लेणं सहाव्या शतकातलं. समोरचं तीन मुखांचं शिवशिल्प सुमारे २० फूट उंच आहे. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात, पण ते ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत. एकाच शिवाची ही रूपं आहेत, सदाशिव. अर्धनारीश्वर, गंगावतरण, शिव-पार्वतीचं लग्न, कैलास उचलणारा रावण ही शिल्पं आजूबाजूला आहेत. पुराण ऐकत मोठ्या झालेल्या आजी-आजोबांना इथे गाइडची गरज पडत नाही. तेच नातवंडांना गोष्ट सांगतील.

बेटाला 'एलिफंटा' हे नाव पोर्तुगिजांनी दिलं, कारण तिथे एक मोठा दगडी हत्ती होता. तो हत्ती आता बेटावर नाही. तो भायखळ्याला राणीबागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. काळा घोड्याचा मूळ पुतळाही तिथेच. शहरातून हललेली ही दोन्ही जनावरं शेवटी राणीबागेतच आली.

दोन सूचना. माकडांपासून खाण्याच्या पिशव्या सांभाळा आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे उतरतानाच विचारून ठेवा.

बोटीत बसताना काय काळजी घ्यायची?

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीड बोटीची धडक बसली. स्पीड बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. या दुर्घटनेत डझनाहून अधिक जणांचा जीव गेला. त्यात फिरायला आलेली कुटुंबं होती.

त्यामुळे लाइफ जॅकेट ही मागून घ्यायची गोष्ट आहे. मिळालं तर ते मांडीवर ठेवू नका, अंगात घाला आणि पट्टे आवळा. मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का ते बोट सुटण्याआधी विचारा. बोट गच्च भरलेली दिसली तर पुढच्या बोटीनं जा, अर्ध्या तासानं फारसं बिघडत नाही. आपण नदीकाठची माणसं, कृष्णेत पोहायला शिकलेली. पण खोल समुद्रातलं पाणी वेगळं आहे आणि तिथे पोहता येण्याचा भरवसा धरून चालत नाही.

पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही बोटसेवा बंद असते. घारापुरीच्या फेऱ्याही हवामानावर अवलंबून असतात. जून ते ऑगस्टमध्ये घारापुरी ठरवूनच जायचं असेल, तर दुसरा बेतही तयार ठेवा.

पेशंटसोबत परळला आहे. दोन-तीन तास मिळतात. कुठे जाऊ?

हा प्रश्न कुठल्याच पर्यटनाच्या पुस्तकात नसतो. पण सांगली-साताऱ्याकडून मुंबईला जाणाऱ्यांत दवाखान्यासाठी जाणारे कमी नाहीत. काही जण पंधरा-वीस दिवस राहतात आणि वॉर्ड, मेडिकल, खानावळ यापलीकडे काही न बघता परततात. एक माणूस पेशंटजवळ थांबलेला असताना दुसऱ्यानं दोन तास मोकळी हवा घेतली, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. सोबत्याचं डोकं ठिकाणावर राहणं हे पेशंटच्याही फायद्याचं असतं.

परळहून तीन पर्याय जवळ आहेत. पहिला राणीबाग. परळ स्थानकातून सीएसएमटीकडे जाणाऱ्या धीम्या लोकलनं करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. पूर्वेला उतरून चालत जाता येतं. १८६० च्या दशकातली ही बाग आहे. जुनी झाडं, सावली आणि बाकं आहेत. प्राणी बघायचे नसतील तरी झाडाखाली बसून येता येतं. तिकीट मोठ्यांना ५० रुपये.

दुसरा सिद्धिविनायक. टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटं, मंगळवार सोडून. प्रभादेवीचं हे देऊळ १८०१ चं आहे.

तिसरा दादर चौपाटी आणि चैत्यभूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर डिसेंबर १९५६ मध्ये जिथे अंत्यसंस्कार झाले, ती ही जागा. स्तूपाशेजारीच समुद्र आहे. संध्याकाळी थोडा वेळ शांत बसायचं असेल तर इथे या. ६ डिसेंबरच्या आसपास मात्र लाखो अनुयायी येतात, तेव्हा वाहतुकीचे मार्ग बदललेले असतात.

मुलं सोबत आहेत. त्यांना काय आवडेल?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे. आपल्या पिढीनं शाळेच्या सहलीत ते पाहिलेलं असतं आणि मुलांना मासे दाखवू म्हणून अजूनही लोक तिथे जातात. उन्हातान्हात तिथवर जाऊन पोरं हिरमुसतात.

त्याऐवजी राणीबागेतले पेंग्विन दाखवा. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले आणि २०१७ पासून लोकांना बघता येतात. त्यांच्यासाठी खोली थंड ठेवलेली असते. विज्ञानाची आवड असेल तर वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात बटण दाबून, दांडा फिरवून, उड्या मारून शिकायचं असतं. 'हात लावू नको' असं कुणी म्हणत नाही. मेट्रोचं सायन्स सेंटर स्थानक जवळ आहे. तिथून थोड्या अंतरावर १९७७ चं नेहरू तारांगण. तिथे खेळांच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून आधी तारांगणाचं तिकीट काढा आणि उरलेल्या वेळेत सायन्स सेंटर बघा.

डोंगर चढणारी मुलं असतील तर बोरिवली. स्थानकाच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरी. शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांचा हा डोंगर आहे. पावसाचं पाणी साठवण्यासाठी भिक्षूंनी खडकात टाकी खोदली, ती आजही दिसतात. दुष्काळी भागातल्या माणसानं ती बघण्यासारखी आहेत.

संध्याकाळी समुद्रावर कुठे जायचं?

मरीन ड्राइव्हचा कठडा सुमारे साडेतीन किलोमीटर लांब. तो भरतीला बघण्यात मजा आहे, तर गिरगाव चौपाटी ओहोटीला, वाळू मोकळी असताना. वरच्या तिथीच्या हिशेबानं त्या दिवशी कुठे जायचं ते ठरवा. गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला त्यांच्यावर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले.

मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली सिमेंटचे तीन-चार पायांचे ठोकळे टाकलेले दिसतील. ते लाटांचा जोर मोडण्यासाठी आहेत, बसण्यासाठी नाहीत. शेवाळामुळे पाय घसरतो आणि मधल्या फटीत अडकलेला माणूस बाहेर काढणं फार अवघड असतं. फोटोसाठी मुलांना खाली उतरवू नका. पावसाळ्यात चौपाटीवर निळसर फुग्यासारखे जेलीफिश वाहून येतात. त्यांचा डंख जबर असतो, वाळूत मेलेले दिसले तरी हात लावू नये.

स्वतःची गाडी घेऊन जावं का?

सहा-आठ जण असाल तर गाडी स्वस्त वाटते. शहरात शिरेपर्यंत ते खरंही आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू पनवेलकडून येणाऱ्यांना थेट शिवडीला आणून सोडतो. कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. सेतूवर फोटोसाठी गाडी थांबवायला बंदी आहे.

खरा प्रश्न शिवडीनंतर सुरू होतो. दक्षिण मुंबईत पार्किंग शोधण्यात तास जातो आणि नो-पार्किंगमधून गाडी उचलली तर संध्याकाळ जाते. म्हणून गाडी पाहुण्यांकडे लावा आणि शहरात मेट्रो-लोकलनं फिरा. फारच हौस असेल तर रात्री जेवणानंतर कोस्टल रोड आणि सी लिंकवरून एक फेरी मारा. दुचाकीला दोन्हीकडे बंदी आहे.

खासगी 'मुंबई दर्शन' बसचं तिकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारा. आत नेणार, की बसमधून दाखवणार? दहा-बारा ठिकाणांच्या यादीतली निम्मी ठिकाणं खिडकीतूनच 'बघितलेली' असतात.

गणपतीत मुंबईला जाता येईल का?

आपला तासगावचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला रथ ओढून झाला की गावातली गर्दी ओसरते आणि बरेच जण लालबागचा बेत आखतात. १९३४ पासूनच्या लालबागच्या राजाला दोन रांगा असतात, नवसाची आणि मुखदर्शनाची. नवसाच्या रांगेत कित्येक तास जातात. मुलं-म्हातारी सोबत असतील तर मुखदर्शनाची रांग धरा आणि शनिवार-रविवार टाळा. चिंचपोकळी किंवा करी रोड ही जवळची स्थानकं. गर्दीचा कंटाळा असेल तर गिरगावात केशवजी नाईक चाळीत जा. १८९३ पासून चालत आलेला मुंबईतला हा जुना सार्वजनिक गणपती आहे. मूर्ती लहान आणि मन शांत होईल असं वातावरण.

निघण्याआधी एवढं करा

- वार बघा. सोमवार आणि बुधवारची सुटी तपासा, रविवारी मेगाब्लॉक.
- कॅलेंडरवर तिथी बघा. पाऊणपट करून भरतीची वेळ काढा.
- एका दिवसात एकच भाग घ्या. फोर्ट आणि बोरिवली एका दिवसात नको.
- बोटीत लाइफ जॅकेट घालूनच बसा.
- गर्दीत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे आधी ठरवा. मोबाइलची बॅटरी संपते, जागा हलत नाही.
- परतीची गाडी सुटण्याआधी किमान एक तास स्थानकावर पोहोचा.

सहाव्या वेळी वडील मंत्रालयातून बाहेर पडले तेव्हा साडेपाच वाजले होते. काम झालं नव्हतं, पुढची तारीख मिळाली होती. मी फोनवर रस्ता सांगत गेलो आणि ते चालत कठड्यापर्यंत पोहोचले. त्या दिवशी अष्टमी होती, पाणी भरत आलं होतं. सातव्या खेपेला ते आईला सोबत घेऊन गेले आणि काम नसताना गेले.